विलायतेचं की अमेरिकेचं

"अहो, पायताण काढा! खळं आहे हे!"

त्याच्याशी बोललेले माझे पहिले शब्द हे असे.

चौसष्ट सालचा मार्गशीर्ष. शेणव्याला आमच्या शेतात भाताची झोडणी चालली होती. धुकं इतकं, की बांधावरचा आंबासुद्धा दिसत नव्हता. त्या धुक्यात घरघर आली, मग वारं सुटलं… आणि शेजारच्या कापलेल्या शेतात एक हेलिकॉप्टर उतरलं. उडवीवर रचलेले भाताचे भारे उडाले, बाया किंचाळत पांगल्या, आणि आतून उतरलेला सावळा, उंच माणूस सरळ बूट घालून आमच्या सारवलेल्या खळ्यात येऊन उभा!

"हे गाव कोणतं?" त्यानं विचारलं.

"आधी पायताण."

त्यानं पायांकडे पाहिलं आणि जीभ चावली. "चुकलो. मी कमळाकर… धसईचा. फार वर्षं बाहेर राहिलो हो."

"धसईचा नि खळ्यात बूट?" माझी मैत्रीण काशी खिदळली. "सुंदरे, रीत सांग गो ह्याला!"

रीत साधी. खळं ज्यानं विटाळलं, त्यानंच ते सारवायचं. त्यानं बाह्या दुमडल्या आणि शेणाच्या पाटीत हात घातला.

"हात फिरवा साहेब, गोवऱ्या नका थापू," मी म्हटलं.

"शिकवणारीनं जवळ येऊन शिकवावं," तो खाली मान घालून पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. काशीनं मात्र ऐकलं.

धुकं उठेपर्यंत तो बांधावर बसून होता. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

"एवढं इमान चालवता, नि धुक्याला घाबरता?"

"घाबरतो म्हणून तर जिवंत आहे." तो हसला… मग गंभीर झाला. "ढगात शिरलं ना, की माणसाचं अंगच खोटं बोलतं. वाटतं सरळ चाललोय, आणि यंत्र वळलेलं असतं. तेव्हा आपल्या मनाचं ऐकायचं नाही, समोरच्या तबकड्यांवरच्या काट्यांचं ऐकायचं. ते शिकून परीक्षा द्यावी लागते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात. माझ्याकडे ते नाही."

मनाचं ऐकायचं नाही! बाई गं… त्या दिवसापासून मला दुसरं काही ऐकूच येईना. हंडा भरून वाहायचा, मी विहिरीवर तशीच उभी. कांडताना ओवी ओठांवर यायची ती अर्धीच—

*धुक्याच्या पडद्याआड, डोंगर दिसेना,*
*कुणाची वाट पाहू, जीव हा बसेना…*

तो शहापूरच्या डाकबंगल्यात राहत होता. विजेच्या तारा कुठून न्यायच्या, त्याची वरून पाहणी चालली होती. चौथ्या दिवशी तो सायकल मारत आला. "उडवलेले भारे रचायला आलोय," म्हणाला. बाबांनी, म्हणजे देवजी पाटलांनी, त्याला खालून वर न्याहाळलं आणि भारा हातात दिला. मग तो येतच राहिला. भारे कधीच रचून झाले होते.

आणि एका दुपारी, उडवीच्या सावलीत, त्यानं शिक्षणाच्या प्रवेशाचे दोन कागद माझ्यापुढे धरले.

"समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत, बहारीनच्या बाजूला. तिथं पायलट हवेत. पण रेटिंग पाहिजे. हे विलायतेचं, वर्ष लागेल. हे अमेरिकेचं, तीन महिन्यांत होतं."

"नोकरी कशावर मिळते?"

"कंपनी इंग्रजांची. त्यांना विलायतेचं लागतं. अमेरिकेचं घेतलं तर… मिळालं काही तर मिळालं."

"मग विचार कसला करता?"

तो गवताची काडी मोडत राहिला. "काशी म्हणाली, भिवंडीहून स्थळ आलंय. अमावास्येला होकार कळवायचा आहे. सुंदरा… तीन महिन्यांचं घेतो. होळीला परत येतो. तोवर तुझे बाबा थांबतील?"

किती दिवस मी हेच ऐकायला तळमळत होते! आणि ऐकलं तर संतापच आला.

"माझ्यापायी अर्धवट शिकणार? नि मग ढगात शिरणार? नाय! मी कपाळ रिकामं करून बसायला लगीन करू?"

'लगीन' तोंडातून निसटलं होतं. त्याच्या डोळ्यांत असं काही हललं, की मला पदराचं टोक सापडेना.

"वर्ष फार मोठं असतं गं," तो हळूच म्हणाला. "आणि भिवंडी जवळ आहे."

मी उठले. सरळ खळ्यावर गेले. झोडणी चालू होती, सगळ्या बाया होत्या, बाबांच्या हातात पेंढी होती.

"बाबा, भिवंडीला नाय कळवा."

पेंढी वरच्यावर थांबली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या कमळाकरकडे.

"ह्याच्यासाठी?"

"हो."

"नि ह्याचं इमान चुकलं कुठं ढगात, तर?"

"म्हणून तर वर्षभर शिकायला विलायतेला धाडतेय मी."

बाया फसकन हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी पेंढी झोडली, एकदा, दोनदा, सगळा दाणा झडेपर्यंत. माझा जीव टांगणीला लागलेला.

"काय रे," ते शेवटी म्हणाले, "तुझी आई धसईलाच ना?"

"हो… हो, पाटील."

"मग तिला विचारून ये आधी. भिवंडीचं मी बघतो. नि वर्ष म्हणजे वर्ष हां. वर एक दिस नाय."

कमळाकरनं माझ्याकडे पाहिलं. तसाच धावत बांधापाशी गेला, सायकल उचलली आणि जीव खाऊन पायडल मारू लागला.

"अहो!" मी ओरडले. "धसई तिकडं! तुमी शहापूरला निघालात!"

आभाळ लख्ख होतं, धुक्याचा मागमूस नव्हता… आणि माझा पायलट साफ उलट्या दिशेनं चालला होता.