पाणी आलं की नेट जायचं

आमच्या घरी नळाला पाणी आलं की इंटरनेट जायचं. हसू नका. माणूस चंद्रावर वस्ती करून राहिला तरी आमच्या गावात पाणी चार दिवसांआड येतं, हे पटतं ना? मग हेही पटवून घ्या.

माझी नात ऋजुता माझ्याजवळ राहते. तिची आई वैदेही चंद्रावर इंजिनियर आहे. दर रविवारी ती मधल्या खोलीत, भिंतीवरच्या पडद्यावर दिसायची. कधी तासभर गप्पा चालायच्या. कधी मात्र "ऋजू, जेवलीस का गं?" एवढं होईतो चित्र थिजायचं आणि सगळं संपायचं.

मी राउटर (घरभर इंटरनेट पसरवणारी डबी) बंद करून चालू केला, फुंकर मारली, थोडा दमही दिला. शेवटी नवाच आणला. त्याचंही तेच! ऋजूच म्हणाली, "अप्पा, पाणी येतं ना, त्याच दिवशी होतं हे." मला वाटलं, मोटर वीज ओढत असेल. म्हणून मोटर न लावता बादल्या वाहून पिंप भरलं. तरी नेट गेलं ते गेलंच, वर माझी कंबरही गेली.

आणि त्या रविवारी सकाळीच पाणी आलं. दुसऱ्या दिवशी वैदेही दोन महिन्यांसाठी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार होती. तिथून बोलणं होणार नव्हतं. संध्याकाळी फोनची वेळ होत आली, तरी ऋजू पडद्याकडे पाठ करून बसलेली.

"काय झालं गं?"

"नेट जात नसेल, अप्पा. आईच फोन ठेवत असेल. तिला कामं असतात."

एरवी माझ्याकडे गोष्टींची पोती भरलेली असतात. या वेळी मी उठून राउटरला आणखी एक फुंकर मारून आलो.

तेवढ्यात झुलाप आत आला. झुलाप आमचा पाहुणा. लांबच्या एका ठणठणीत कोरड्या ग्रहावरचा. पाण्यावाचून कसं भागवावं हे शिकायला त्याने अख्खी पृथ्वी सोडून आमचं गाव निवडलं होतं. हुशार प्राणी! उंची विजेच्या खांबाएवढी, दारातून यायचा तो घडी घालून. आपल्याला न दिसणाऱ्या रेडिओलहरी (प्रकाशाच्याच जातीच्या, पण फार लांब लहरी) त्याला उजेडासारख्या दिसायच्या.

"आज या खोलीत अंधार का केलात?" त्याने विचारलं.

ऋजू ताडकन उठली. "अंधार? कुठून सुरू होतो?"

झुलापने बोट दाखवलं. घरातल्या बोळात स्टुलावर राउटर होता, आणि त्याच्यापुढे काठोकाठ भरलेलं प्लास्टिकचं पिंप. ऋजूने टॅबलेट घेतला. पिंपाच्या अलीकडे, राउटरजवळ, सिग्नलच्या चार रेघा. पलीकडे, खोलीच्या बाजूला, जेमतेम एक, तीही लुकलुकती.

"पिंप रिकामं असताना मात्र उजेड आरपार जातो," झुलाप म्हणाला. "प्लास्टिक त्याला अडवत नाही. पाणी गिळतं."

"गिळतं म्हणजे?"

"पाण्याच्या रेणूच्या (पाण्याच्या सगळ्यात बारीक कणाच्या) एका टोकाला थोडा धन भार, दुसऱ्याला थोडा ऋण भार. लहर आली की ती टोकं इकडून तिकडे खेचली जातात, रेणू डोलतात. त्या डोलण्यात लहरीची ताकद खर्च होते. याला म्हणतात शोषण."

"मग पाणी तापत असेल!"

"इतकं कमी, की तुझ्या अप्पांच्या आंघोळीला उपयोग नाही."

आता भरलेलं पिंप हलवणार कोण? आणि आमच्या गावात पाणी ओतून देईल असा माणूस अजून जन्मायचाय. ऋजू म्हणाली, "पिंप राहू दे. राउटरच उंच नेऊ, म्हणजे लहरी पिंपाच्या डोक्यावरून जातील." पण माळ्यापर्यंत वायर पुरेना. तेव्हा झुलापने जागच्या जागी राउटर तळहातावर घेतला, वायर पुरेल तितका हात वर केला आणि बोळात घडी घातलेल्या दिव्याच्या खांबासारखा उभा राहिला.

पडद्यावर वैदेही लख्ख उमटली.

"आई, मला वाटायचं, तूच ठेवतेस."

चंद्रावरून उत्तर यायला थोडा वेळ लागतोच. "वेडाबाई! मी इथे 'ऋजू, ऋजू' ओरडत बसायचे. शेजारचे लोक दार लावून घ्यायचे."

ऋजू हसली, मग तिने डोळे पुसले. "आणि उद्यापासून?"

"आपल्या दोघींच्या मध्ये अख्खा चंद्र येतो गं. लहरी त्यातून पार होत नाहीत."

"मग तिथेही कुणीतरी उंच धरायला हवं."

"तेच करायला चाललेय मी. तिथून दुवा-उपग्रह (इकडचा संदेश झेलून तिकडे देणारा उपग्रह) वर सोडायचाय. तो सुरू झाला की पहिला फोन तुला."

बोळातून झुलापने आवाज दिला, "हात दुखला. जरा खाली घेऊ का?"

"नको!" मी आणि ऋजू एकदमच ओरडलो. आणि थोड्या वेळाने, चंद्रावरून, तिसरं "नको!" आलं.