मुठीतले गवत

दुपार कलली तेव्हा तोयनाने वरीच्या गरम भाकऱ्या आणि मेंढीच्या दुधाचे खारे चीज फडक्यात बांधले, पाळण्यातल्या मुलीची दुलई सारखी केली आणि सासूला म्हणाली, “आत्याबाई, पाथरवटांना हे देऊन येते. स्तंभही बघून येते.”

“बघून ये,” म्हातारी सारगा चुलीपाशी पाय शेकत म्हणाली. “माझा कुरिल जन्मात कधी एका जागी सरळ उभा राहिला नाही. आता खुद्द खानानेच उभा केलाय, तर राहील बापडा!”

दोघी हसल्या. रडणे उन्हाळ्यातच आटोपले होते. वसंतात कुरिल खानाच्या फौजेबरोबर उत्तरेकडे गेला आणि तिसा नदी ओलांडताना घोड्यासकट बुडाला. प्रेत मिळाले नाही. ज्याच्या देहाला मातीही मिळाली नाही, अशा आपल्या स्वारासाठी खान दगडी स्तंभ उभारी आणि ‘हा माझ्या घरचे अन्न खाल्लेला माणूस’ असे त्यावर कोरवून घेई. एवढा मान थोडा नव्हता. सुगीच्या दिवसांत मुलगी झाली, घोड्या दुधाला चांगल्या होत्या, लोकरीच्या नमद्याचा तंबू उबदार होता. दुःख होते, पण ते आता घरच्या माणसासारखे झाले होते, त्याच्यासाठी वेगळे पान मांडावे लागत नसे.

खानाच्या राजधानीच्या, प्लिस्काच्या, मातीच्या तटाबाहेर स्तंभ धुक्यात उभा होता. धाकटा दीर इर्तेक त्याला पाठ टेकून बसला होता.

“या वहिनी! अक्षरं बघितलीत? ग्रीक कारागीर म्हणतो, दादाचंच नाव आहे. त्याने शिव्या कोरल्या असत्या, तरी आपल्याला कुठे कळणार होतं!”

“भावजी, भाकरी घ्या, म्हणजे तोंड बंद राहील.”

“आता घरी जाऊन दादाचं खोगीर पालथं घाला,” तो घास चावत म्हणाला. “स्वार गेला, हे घराला कळायला हवं.”

“ते वसंतापासूनच पालथं आहे.”

“वसंतापासून? घातलं कुणी?”

“त्यांनीच, निघताना.” तोयना जराशी लाजली. “मीच हट्ट धरला. नुसतं ‘येतो’ म्हणून भागायचं नाही, शपथ घ्या म्हटलं. मग त्यांनी पेल्यातलं पाणी जमिनीवर ओतलं, खोगीर पालथं घातलं, गवत उपटून उंच धरलं. म्हणाले, पहिला बर्फ पडायच्या आत घरी येईन.”

इर्तेकचा घास तोंडातच राहिला. “आणि गवत?”

“माझ्या मुठीत दिलं. अजून छताच्या काठीला बांधलेलं आहे.”

“अहो वहिनी, खान आणि रोमचा सम्राट तह करतात, तेव्हाची शपथ ती! नवरा वेळेवर घरी यावा म्हणून घेतात होय?” त्याचा आवाज खाली आला. “गवत ज्याच्या मुठीत, त्याला शब्द दिलेला असतो. देणारा मेला, तरी तो शब्द सुटत नाही. आणि तो पाळायला आलेला मेलेला माणूस... एकटा परत जात नाही म्हणतात. मुठीत गवत धरणाऱ्याला बरोबर नेतो. ते गवत जाळा. तुमच्याच हाताने, दुसऱ्याच्या हाताने चालत नाही. निघा आता... आभाळ बघा कसं भरलंय.”

ती निघाली. धुके इतके दाटले होते की स्वतःची पावलेही दिसेनात. मागून टापा ऐकू आल्या. पण कोरड्या वाटेवरच्या नव्हेत, पाण्यातून चालणाऱ्या घोड्याच्या. ती थांबली की त्या थांबत. आसपास नदी नव्हती, तरी नदीतल्या काळ्या गाळाचा वास तिच्या मागोमाग येत राहिला.

तंबूत सारगा बसल्या बसल्या झोपली होती. पाळणा स्वस्थ होता. कोपऱ्यातले खोगीर मात्र सुलटे होते, आणि त्याच्या रिकिबीतून पाणी ठिबकत होते.

तोयनाने छताच्या काठीकडे हात नेला. दाराचा पडदा हलला.

“तोयना...”

ती वळली. कुरिलच होता. चेहरा तोच, मिशी तीच. फक्त केस वाऱ्यावाचून संथपणे हलत होते, जणू प्रवाहात आहेत.

“आलो बघ. बर्फाच्या आत.”

“आलात,” ती म्हणाली. “शब्दाला जागलात.”

“चल... घोडा उभा आहे.”

तिच्या घोट्यांभोवती गार पाणी चढू लागले. क्षणभर, अगदी क्षणभरच, तिला जावेसे वाटले. तेवढ्यात मुलगी पाळण्यात कुरकुरली. तोयनाने सुकलेले गवत ओढून काढले आणि चुलीत टाकले.

“तुमचा शब्द मला पोचला. मी तुम्हाला मोकळं केलं.”

गवत ओल्या लाकडासारखे चरचरत जळले. कुरिलने दीर्घ श्वास सोडला. तो रागावला नाही. डोक्यावरचे ओझे उतरवलेल्या माणसासारखा दिसला. मग त्याची नजर पाळण्याकडे गेली.

“काय झालं?”

“मुलगी.”

“नाक?”

“तुमचंच.”

“अरेरे, पोर फसली की!” तो पूर्वीसारखाच हसला. पाळण्यावर वाकून तो काहीतरी पुटपुटला. बापच तो, तोयनाने अडवले नाही. पडदा पडला, आणि टापा दूर गेल्या. बाहेर बर्फ भुरभुरू लागला होता.

“कुरिल हसत होता गं स्वप्नात,” सारगा जागी होऊन म्हणाली. “बरं वाटलं जिवाला.”

तोयनालाही बरे वाटत होते; कित्येक महिन्यांत वाटले नव्हते इतके. खांद्यावरचा बर्फ झटकत इर्तेक आत आला.

“जाळलंत?”

“जाळलं.”

“सुटलात वहिनी! आता काहीतरी गरम द्या.”

मुलगी भुकेने रडू लागली. तोयनाने तिला उचलून पदराआड घेतले, आणि तिच्या उराला काहीतरी ओले, गार लागले. तिने पदर सारला. मुलीच्या चिमुकल्या मुठीत हिरवेगार गवत होते. मुळांना काळा गाळ चिकटला होता. बाहेर सारे रान पांढरे झाले होते.

इर्तेक उभाच राहिला.

“वहिनी... तिला काय शब्द दिला दादाने?”

तोयनाने हलकेच मूठ उघडू पाहिली. उघडेना. मुलगी डोळे मिटून, तृप्तपणे दूध पीत होती. आणि तिची बोटे गवतावर आणखी घट्ट होत होती.