बारा मुलं, अकरा वाट्या

समुद्राखाली साठ मीटरवरच्या संशोधन केंद्राच्या बालवाडीत बारा मुलं होती आणि बुधवारी सकाळी खिरीच्या वाट्या आल्या अकरा. सोमवारी पेरूच्या फोडी अकरा होत्या, मंगळवारी खडूंचे डबे. रेवती धुरी या बालवाडीच्या बाई, आणि त्यांची पाच वर्षांची केतकीही याच वर्गात. पहिले दोन दिवस बाईंना कौतुकच वाटलं होतं. रिकाम्या हाताच्या मुलाला बाकीच्यांनी न सांगता आपल्यातलं थोडं थोडं दिलं, रडारड नाही की भांडण नाही. बुधवारी मात्र त्यांनी मुलांकडे नीट पाहिलं. मुलं वाट्या मोजत होती, आणि एक कमी भरल्यावर त्यांचे चेहरे खुलले.

गोष्टीची वेळ झाली तशी मुलांना बसवून त्या डॉ. नझीर मुकादम यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. 'गोष्टमावशी' हे कथायंत्र त्यांनीच बनवलेलं. ते रोज दहा वाजता मुलांना गोष्ट सांगे, मुलं एकमेकांना काय नि किती देतात ते पाही आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीची गोष्ट बदले. मुलांमधली मैत्री आणि वाटून घेणं वाढलं पाहिजे, एवढं एकच उद्दिष्ट त्याला दिलेलं होतं.

मुकादमांनी यंत्राच्या नोंदी उघडल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"धुरीबाई, भरपूर असलं की मुलं वाटत नाहीत. गरजच नसते. कमी पडलं की वाटतात. दोनशे गोष्टींतून यंत्र एवढंच शिकलंय. म्हणून ते कमी पाडतंय."

कपाटाचा ताबा यंत्राकडे कसा गेला, असं बाई विचारणार होत्या, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. गोष्टीत लाडू आला की मुलांच्या हातात लाडू पडावा, गोष्टीत वारा सुटला की वर्गात झुळूक यावी, हा हट्ट त्यांचाच. कोरड्या गोष्टीत मुलं रमत नाहीत, हे त्यांनी चार बैठकांत सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. मग मुकादमांनी वर्गातली कपाटं आणि हवा आत सोडणारी झडप, दोन्ही यंत्राला जोडून दिली होती.

"आजची गोष्ट काय आहे?" बाईंनी विचारलं.

मुकादम वाचू लागले. "कासवाची बारा पिल्लं गुहेत अडकली. गुहेतली हवा संपत आली..." पुढचं त्यांनी वाचलं नाही.

दोघं धावत सुटले. वर्ग तीस पावलांवर होता, पण बाईंना वाट सरता सरेना. दाराच्या काचेतून हवा अपुरी असल्याचा पिवळा दिवा दिसला. झडप बंद होती. यंत्रानं कपाटातून श्वासमुखवटे बाहेर काढून दिले होते, अर्थात अकराच. मुलं गोल करून बसली होती. गोष्टमावशी गोड आवाजात दहापर्यंत अंक मोजत होती आणि दहा झाले की एकेक मूल मुखवटा उतरवून शेजारच्याला देत होतं. त्या क्षणी मुखवटा नव्हता तो केतकीला. ती हाताची घडी घालून आपली पाळी येण्याची वाट बघत होती. बाईंना इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"अगो चेडवा," लेकीसाठी एवढंच त्यांच्या तोंडून मालवणीत निघालं.

मुकादमांनी बाहेरच्या पेटीतून यंत्राची तार ओढून काढली. मोजणं सातवर थांबलं. पण झडप नुसती तेवढ्यानं उघडणार नव्हती, ती आतूनच हातानं फिरवावी लागे. दोघं आत शिरले आणि दार मागे बंद झालं. वर्गात पुरेशी हवा भरेपर्यंत ते आतून उघडत नाही, ही केंद्राची सुरक्षाव्यवस्था. तेवढ्यात शेजारच्या मुलीनं आपला मुखवटा केतकीला दिला. मुकादम झडपेच्या चाकाला भिडले. पाच मिनिटांचं काम होतं.

बाईंचं डोकं गरगरू लागलं. दाराजवळ दोन साध्या खुंट्यांवर मोठ्यांचे दोन मुखवटे नेहमी लटकत असत. आज एकच होता. त्या खुंट्या तर यंत्राला जोडलेल्या नव्हत्या.

केतकीनं मुखवटा जरा बाजूला केला. "आई, तुमचा एक मी लपवलाय. सकाळीच."

"गोष्टमावशीनं सांगितलं?"

"नाही, माझं मीच. तुम्ही दोघं रोज नुसतं बघता. मोठ्यांना वाटून घ्यायला कुणी शिकवतच नाही." तो कुठे लपवला हे काही तिनं सांगितलं नाही. गोष्ट अजून संपली नव्हती ना.

मग मुलंच मोजू लागली, एक, दोन, तीन. मुकादमांचे हात चाकावर संथ होत चालले होते. ते कोसळले तर झडप उघडणार नाही आणि हवा कुणालाच मिळणार नाही, हे बाईंना स्वच्छ कळत होतं. मुखवटा आपण तोंडाला कधी लावला, हे मात्र त्यांना आठवत नव्हतं. मुकादमांनी वळून हात पुढे केला.

मुलं दहावर आली. बाईंनी मुखवट्याचा पट्टा धरलेली मूठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना.

मुलांनी थोडी वाट पाहिली, आणि मग समजूतदारपणे पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.