कोंबडा नसलेली वाडी

मीठ संपलं होतं, एवढंच निमित्त. माझी लेक अश्लेषा गाडी काढून पुलापलीकडच्या कोनबिनीत गेली. रात्रंदिवस उघडं असणाऱ्या दुकानाला इथे कोनबिनी म्हणतात. घरात मी आणि माझी चार वर्षांची नात शिवानी. दुपारचे दोन वाजले असतील. समुद्रावरून धुकं चढत होतं, आणि अंगणातलं संत्र्याचं झाड बघता बघता पुसून गेलं.

आम्ही राहायला जपानातच, त्सुकुबाला. जावई नीलकंठ तिथे जुन्या लाकडाची तपासणी करतात. दक्षिणेतल्या या बेटाजवळ समुद्राच्या तळातून जहाजाच्या फळ्या निघाल्या, म्हणून तीन आठवडे इथे बिऱ्हाड. सातशे वर्षांपूर्वी मंगोल बादशहानं हा देश घ्यायला जहाजं पाठवली होती, वादळात बुडाली, त्यातल्याच त्या फळ्या.

"आई, त्यातले निम्मे लोक मंगोल नव्हतेच," जावई म्हणाले होते. "जिंकलेल्या मुलखांतून धरून आणलेले. मारायला तेच पुढे, बुडायलाही तेच."

"मरणाऱ्याला काय त्याचं, नीलकंठराव?" मी म्हटलं.

घरमालकीण मात्सुओ-सान माझ्याच वयाची. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, आणि अश्लेषानं मला ते मराठीत करून दिलं. या वाडीत कोंबडा पाळत नाहीत. मंगोल उतरले तेव्हा इथलं एक घर डोंगरात लपलं होतं. लेकरंबाळं, म्हातारी माणसं, सगळी. त्यांचा कोंबडा आरवला आणि ती सापडली. एकालाही सोडलं नाही. तेव्हापासून वाडीत आरवणं नाही.

"मग पहाटे उठता कशानं?" मी गमतीनं विचारलं.

अश्लेषानं ते तिला सांगितलं. मात्सुओ-सान हसली नाही.

तर त्या दुपारी शिवानीला अळणी भात जाईना. मीठ येईपर्यंत थांबले असते तर... पण भुकेली पोर बघवत नाही. तिचं बोलणं जपानी, माझं मराठी. आमचं दोघींचं जमतं ते पाखरांच्या बोलीत. हा घास चिऊचा, म्हणून चिवचिव केलं. हा काऊचा, म्हणून काव काव. ती खुदकन हसायची आणि तोंड उघडायची. शेवटचा घास उरला.

"हा कोंबडोबाचा!" म्हटलं, आणि मान ताणून आरवले. गावाकडे माझ्या आरवण्याला खरे कोंबडे ओ द्यायचे.

आवाज तोंडातून गेला, आणि मग कळलं आपण काय केलं ते.

समुद्र गप्प झाला. धुक्यातून वास आला... घोड्याचा घाम, ओलं कातडं, खवट चरबी. मग खाली किनाऱ्याकडून ढोल. एक ठोका. थांबून दुसरा. आणि पावलं, पुष्कळ पावलं, दगडी वाटेनं वर चढणारी.

"शिवानी... हळू..."

भिंतीत गाद्या ठेवायचं कपाट होतं. पोरीला उचलून त्यात शिरले, सरकतं दार ओढलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाद्या सगळ्या बाहेर पसरलेल्या होत्या. कपाट रिकामं असायला हवं होतं. पण आत जागाच नव्हती. माझ्या पाठीला कुणाचे तरी गुडघे टेकत होते. मानेवर श्वास... एकाचा नव्हे.

पावलं पडवीत आली.

आणि शिवानीला उचकी लागली.

पावलं थांबली. दाराला बाहेरून काहीतरी टेकलं. हात सोडावा तर दार सरकणार, न सोडावा तर पोर पुन्हा उचकणार. तेवढ्यात मागच्या अंधारातून एक हात पुढे आला. म्हातारा, खरखरीत, माझ्या गालाला घासत गेला आणि शिवानीच्या तोंडावर बसला. उचकी आतल्या आत जिरली.

किती वेळ गेला, सांगता यायचं नाही. पावलं वळली. ढोल लांब लांब गेला.

"आई? शिवानी? कुठे आहात दोघी?" अश्लेषाचा आवाज.

"इथे गं..." मी दार सोडलं. तिनं ओढलं. दार हलेना.

"आई, दार सोड ना! काय खेळ चाललाय?"

"मी सोडलंय गं... केव्हाच..."

शिवानीनं मागे अंधारात बघितलं. "दाइजोबु," हळूच म्हणाली. म्हणजे काही भीती नाही. तेव्हा दार सुटलं.

लेक मला धरून विचारत राहिली, "काय झालं आई? बोल ना." माझ्या एका घासापायी ती माणसं पुन्हा लपायला धावली होती. आणि मंगोल गेले, आता बाहेर या, हे त्यांना कुणी पटवायचं? चार वर्षांच्या पोरीच्या शब्दावर ती किती विसंबतील?

शिवानीनं माझा पदर ओढला आणि बोट दाखवलं.

कपाटाचं दार आतून सरकत होतं. जराही न वाजता, जपून. पुरतं मिटलं नाही. बाहेर बघण्यापुरती, एका डोळ्याएवढी फट राहिली.