कॉलनीचं मागचं फाटक

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. गेल्या थंडीत, ऐन तिन्हीसांजेला.

मामाची कॉलनी शहराच्या पार टोकाला. पूर्वी तिथून पलीकडच्या वस्तीतली माणसं पायवाटेने थेट सरकारी दवाखान्यात जायची. मग कॉलन्या उठल्या. प्रत्येकीची आपली भिंत, आपला बंद रस्ता. हाकेच्या अंतराला हायवेवरून भलामोठा वळसा पडू लागला. मामा कॉलनीचा सेक्रेटरी. मागच्या फाटकाची किल्ली त्याच्याच खिशात.

त्या दिवशी तो फाटकाजवळ फेऱ्या मारत होता.

अचानक भटकी कुत्री गप्प झाली...

झाडावरची पाखरंही.

मग डब्याच्या कडीचा बारीक आवाज... टिण्... टिण्...

फाटकापलीकडे एक बाई उभी होती. चालत आल्याची चाहूल नाही की काही नाही. थंडीने मामाच्या तोंडातून वाफ निघत होती.

तिच्या तोंडातून नाही...

नवरा दवाखान्यात आहे म्हणाली. सकाळपासून उपाशी असेल म्हणाली.

"एवढं उघडता का, भाऊ? डबा निवतोय."

मामाने खिशातली किल्ली चाचपली. पण आज हिला सोडलं की उद्या सगळी वस्ती येईल, असं त्याच्या मनात आलं. हा खासगी रस्ता आहे, हायवेने फिरून जा, असं त्याने सांगून टाकलं. तिच्याकडे न बघताच.

ती हळूच म्हणाली, "तिकडून गेले होते... दुपारी."

मामाने वर पाहिलं.

कोणी नव्हतं.

सकाळी वॉचमनकडून कळलं. आदल्या दुपारी हायवे ओलांडताना वस्तीतल्या एका बाईला ट्रकने उडवलं होतं. जागच्या जागी गेली. नवऱ्याला डबा घेऊन निघाली होती.

मामाने अंथरूण धरलं. मामी परोपरीने समजूत घालत राहिली. "अहो, ती आधीच गेली होती. तुम्ही उघडून काय होणार होतं?"

मामा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ती गेलीय, हे मला कुठे माहीत होतं?"

पुढच्या मीटिंगमध्ये फाटकाचा विषय काढायचाच, असं त्याने ठरवलं होतं. सगळे जमले. मामा मान खाली घालून बसून राहिला. मीटिंग संपली, विषय निघालाच नाही.

फाटकाला अजून कुलूप आहे.

दिवेलागणीला अजून आवाज येतो... टिण्... टिण्...

मामीलाही ऐकू येतो.

मामा उठतो, आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.