धडधडती शाई

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची, तर निदान झाकण लावून करावी की नाही? पण कारखान्यातल्या इंजिनिअर केतकी घोरपडेनं मिश्रण ढवळणाऱ्या उघड्या टाकीवरच हळदीकुंकू वाहिलं, आणि चिमूटभर आत पडलं. सुप्याच्या या कारखान्यात विजेच्या शाईच्या कुप्या बनत. कुपी म्हणजे केसाएवढं बारीक पॉलिमरचं कवच. आत तेल, तेलात काळे-पांढरे कण. वीज दिली की काळे वर येतात, अक्षर उमटतं, आणि वीज गेली तरी तसंच राहतं.

सणानंतर तो बिघडलेला घाणा कागदावर चोपडून तपासायला घेतला. तार जोडायच्या आधीच, टाकीवर काम करणाऱ्या सोपानरावांच्या हाताखाली काळा ठिपका उमटला आणि लहानमोठा होऊ लागला.

"आयला! मॅडम, हा तर धडधडतोय!"

केतकीनं त्यांची नाडी धरली. ठोक्याला ठोका जुळत होता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अंगात इवलीशी वीज खेळते; ती या कुप्यांना कळत होती.

एरवी ती आनंदानं नाचली असती. पण कालच डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावरचं यंत्र बाजूला ठेवत सांगितलं होतं, "ठोके लागत नाहीत गं. उद्या ये, मोकळी करू." चार महिने जपलेलं बाळ! तिचा जीव ते मानायलाच तयार नव्हता, म्हणून आज दवाखान्याऐवजी ती कामावर आली होती.

तिनं कागद पोटाशी धरला. वर तिचा मोठा, संथ ठिपका. आणि खाली एक इवलासा, भराभरा धडधडणारा.

"सोपानराव, आहे हो! आहे!" ती रडायलाच लागली.

"देव पावला, पोरी!" सोपानरावांचं 'मॅडम' कुठल्या कुठे पळालं. "चल, आधी दवाखाना गाठू."

कागद टेबलावर ठेवून ती पर्स घ्यायला वळली. मोठा ठिपका जागीच थिजला. थिजणारच, ती लांब गेली होती ना.

इवला मात्र धडधडतच राहिला.

"जुनी शाई राहिली असेल," सोपानराव चाचरत म्हणाले.

पण राहिलेली शाई जागची हलत नाही. हा ठिपका सरकत सरकत, केतकी उभी होती त्या कडेला आला. ती टेबलाच्या पलीकडे गेली, तसा तोही तिच्या मागोमाग निघाला.

केतकीचा हात पोटावर गेला.

"सोपानराव," ती कशीबशी म्हणाली, "दवाखान्यात कुणाला न्यायचं हो? मला, की याला?"