भुसा बदलणारे डॉक्टर

लिफ्ट मध्येच अडकली तेव्हा आत आम्ही तिघं होतो – मी, माझ्या हातातल्या पिंजऱ्यातला पांढरा उंदीर आणि एक अनोळखी, उंच माणूस.

"घाबरलात?"

"मी? छे!"

"तुम्हाला नाही, त्याला विचारतोय."

मी काही बोलणार तोच त्यानं वाकून पिंजऱ्यातल्या भुशाला बोट लावलं.

"ओला आहे. साखर आहे ना याला? मग पाण्याची बाटली कुठंय?"

ती मी टेबलावर विसरले होते. त्यानं आपल्या बाटलीच्या झाकणात पाणी ओतलं आणि गजांपाशी धरलं. उंदीर अधाशासारखा प्यायला लागला. झाकण धरणारी लांब बोटं जराही हलत नव्हती... मी उगाचच बघत राहिले. लिफ्ट सुरू झाली, तेव्हा चक्क वाईट वाटलं!

आमच्या प्रयोगशाळेच्या प्राणिगृहाचे ते नवे डॉक्टर, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला – मधुमेही उंदरांचा भुसा दिवसातून दोनदा बदलायचा. मी कुरकुरले, तर स्वतःच बाह्या सरसावून हजर.

"डॉक्टर होऊन भुसा बदलता?"

"तुम्ही हसता म्हणून बदलतो."

"मी कुठं हसले?"

"आत्ता... हे काय!"

माझं काम उंदरांना एका हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं. ते साखर कमी करत नव्हतं. साखरेमुळे किडनीची आणि हृदयाची होणारी झीज त्यानं थांबते का, एवढंच पाहायचं होतं. अर्ध्या उंदरांना हार्मोन, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय, हे फक्त आमच्या मार्गदर्शक बाईंना ठाऊक होतं.

रोज सकाळी डॉक्टर यायचे, रोज कशावरून तरी वाजायचं. आणि एखाद्या दिवशी ते आले नाहीत, की माझं कामात लक्ष लागायचं नाही.

मग एकदा ते हसलेच नाहीत. काही उंदीर अंग आकसून कोपऱ्यात बसले होते, केस विस्कटलेले.

"यांचं आता थांबवायला हवं. भूल देऊन सुटका करायला हवी यांची."

"तारीख ठरलीय. आधी थांबवलं तर निकाल कच्चा राहील."

"राहू दे कच्चा. त्यांना त्रास होतोय."

"तुमचं काय जातंय हो? माझ्या बाबांच्या किडन्या..." शब्द तोंडातून निसटलेच.

ते हळूच म्हणाले, "मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं, तरी हेच म्हणालो असतो. माझ्यावर रागवा... हवं तेवढं रागवा. पण एकदा नीट बघा त्यांच्याकडे."

मी तरातरा निघून गेले. दुपारी मात्र पाय आपोआप प्राणिगृहाकडे वळले. लिफ्टमधल्या त्या उंदरासमोर पाणी धरलं. त्यानं मानसुद्धा उचलली नाही.

"डॉक्टर," मी हाक मारली, "थांबवू या."

त्यांनी भूल दिली. श्वास थांबेपर्यंत मी त्या इवल्याशा पाठीवर हात ठेवून होते. डॉक्टर शेजारी उभे होते – इतके जवळ, की त्यांची बाही माझ्या बाहीला लागत होती.

"मी रडत नाहीये," मी म्हणाले.

"मीपण नाही," ते म्हणाले. नाक लालबुंद झालं होतं त्यांचं.

पुढे बाकीच्यांचीही तारीख आली. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांच्या किडन्या पाहून झाल्यावर बाईंनी गट उघड केले. हार्मोन मिळालेल्यांच्या किडनीतल्या बारीक गाळण्या बऱ्याच शाबूत होत्या. हृदयात मात्र काही फरक नव्हता. लिफ्टमधल्या त्या बिचाऱ्याला नुसतं मिठाचं पाणीच मिळालं होतं.

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण काही मध्येच थांबवले ना, म्हणून पुन्हा करायचं. माणसांचं तर अजून फार लांब."

घरी मी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत आले. साखरेनं त्यांचे डोळेही अधू केले होते.

"म्हणजे मी उंदीर असतो तर बरं झालं असतं!" ते हसले आणि माझा हात धरून म्हणाले, "अगं, माझ्या वेळेला नाही पोचायचं तुझं औषध. कुणाच्या तरी बाबांना पोचेल की! बरं, ते भांडकुदळ डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांचं काय मध्येच?"

"रोज त्यांचीच तक्रार ऐकतोय. माणूस उगाच कुणाची इतकी तक्रार करत नाही. बोलाव त्यांना."

डॉक्टर आले. बाबांनी त्यांना अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळ बसवलं. "मला माणूस तुकड्यातुकड्यानं दिसतो हो. कान बरे आहेत तुमचे. हनुवटी... चालेल." मी लाजेनं अर्धी झाले!

निघताना मी फाटकापर्यंत गेले. दोघांनाही फाटकाची कडी काही सापडेना.

"पुढच्या प्रयोगातही भांडणार आहात?" मी विचारलं.

"रोज."

"आणि प्रयोग संपल्यावर?"

ते माझ्याकडे वळले. लिफ्टमध्ये न हललेली ती बोटं आता चक्क थरथरत होती.

"संपल्यावरही... म्हणजे कायमच... मला तुम्ही फार आवडता. चालेल तुम्हाला?"

"तुम्हाला नाही," मी कशीबशी म्हणाले. "तुला म्हण."

"चालेल... तुला?"

मी पुन्हा फाटकाची कडी शोधायला लागले. तेवढ्यात मागून खिडकी खाडकन उघडली.

"अगं, हो म्हण लवकर!" बाबा ओरडले. "डोळे अधू आहेत माझे, कान नाहीत!"